भरताच्या परीक्षेला बसलेली कंपनी

जळगावात नुकतीच कॉम्प्युटर कंपनी काढलेला हेमकांत चाळीसगावच्या लोटन आबांकडे भांडवल मागायला आला. आबांना कॉम्प्युटर म्हणजे फ्रिजचा धाकटा भाऊ वाटे. कपाशीचे पैसे त्यात घालावेत की नाही, कळेना. मग त्यांनी नेहमीप्रमाणे पाहुण्याला शेतात नेऊन कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायला बसवलं. हेमकांत कंपनीचं भविष्य सांगत सुटला आणि वांग्यांचा कोळसा झाला.

"बठ्ठं जळी गयं," आबा म्हणाले.

"चूक माझीच, आबा. बोलण्याच्या नादात लक्ष राहिलं नाही."

याआधी पैसे मागायला आलेल्यांनी वांगी करपल्यावर वाऱ्याला, पऱ्हाट्यांना, अगदी वांग्यांनाही दोष दिला होता. आबांची शंका फिटली.

"याले पैसा देऊत," ते शेजारी भाकरी थापणाऱ्या बायकोला म्हणाले.

"द्या," धुरपदाबाई म्हणाल्या, "पन जाळजवळ दुसरा मानूस ठेव म्हना."