मिसरी म्हणजे तंबाखू नाही म्हणे

आमच्या उपकेंद्रात औषधं अधूनमधून संपतात, किस्से कधीच संपत नाहीत. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून धरणगाव तालुक्यातल्या कपाशीच्या गावांत मी बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी करत फिरते. सोबत मंदाताई, गावच्या आशा सेविका. कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "सांग ना एखादा नवीन." मी सांगते. त्या हसतात. मीही हसते, पण दरवेळी नाही.

*

शुगर तपासायची म्हणजे गावाला परीक्षा वाटते. नाना तर तयारी करूनच आले. आधी गोडधोड बंद, सकाळी पेलाभर कारल्याचा रस. बोट टोचून पाहिलं, आकडा ठीक. नाना खूश. मला काही पटेना, म्हणून गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करायला लावली. ती चांगलीच वाढलेली आली.

नानांनी रिपोर्टचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "ही तपासणी आमच्या सुनेपेक्षा खडूस. सून निदान मागचं उकरून काढत नाही."

गोळ्या मात्र त्याच दिवशी सुरू केल्या.

*

भिकाभाऊंचं उलट. त्यांनी सुरू असलेल्या गोळ्या बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणाले, "बीपी नॉर्मल आलं ना ताई. मग गोळी कशाला?"

"ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय भाऊ. कपाशी हिरवीगार दिसली म्हणून तुम्ही ठिबक बंद करता का?"

"नाही करत. पण कपाशी मला काहीतरी देते. बीपी काय देतं?"

उपकेंद्राच्या ओट्यावरचे सगळे हसले. किस्सा इथेच संपायला हवा होता.

वेचणीच्या दिवसांत एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं. घरच्यांनी "अंगावरून वारं गेलं" म्हणत दुपारपर्यंत तेल चोळलं. लकव्यात हेच पहिले तास मोलाचे असतात, आणि ते तेलात गेले. आता भिकाभाऊ गोळ्या न्यायला न चुकता येतात. उजवा उचलत नाही, डावा हात पुढे करतात.

*

तोंडाच्या तपासणीत मी प्रत्येकीला विचारते, "तंबाखू खाता का?" बायका दुखावतात. छे, आम्ही नाही त्यातल्या.

"आणि मिसरी?"

"ती तर दात घासायची."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने दातांना लावायची आणि मग गालात धरून भाकरी थापायची, धुणं धुवायचं, गप्पा मारायच्या. दिवसातून पाच-सहादा. पण ती तंबाखू नाही. मी शिकलेली आहे, आवाज चढवते, चित्रं दाखवते. त्या पदराआडून माझ्याकडे बघतात.

यातल्या सगळ्यात हट्टी अक्का, म्हणजे मंदाताईंच्या सासूबाई. जांभईसुद्धा पदराआड देणाऱ्या. मी म्हणाले, "अक्का, फक्त एकदा तोंड उघडा." त्या म्हणाल्या, "मन्हा तोंडमा काय शे? दात बी धड नहीत. जाय, दुसरीनं देख."

मंदाताई घरोघर जाऊन सांगतात आणि त्यांच्याच घरात हे. रस्त्याने येताना त्या एकदाच बोलल्या, "मॅडम, मी गावाला काय तोंड दाखवू?"

*

मग एक दिवस मंदाताईंनी सांगितलं की अक्का भाकरी दुधात कुस्करून खातात.

ज्या अक्का भरताबरोबर कच्ची मिरची चावून खायच्या, त्या. तिखट लागलं की गालात आग होते म्हणे. मी तशीच त्यांच्या घरी गेले. मंदाताईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. अक्कांनी माझ्याकडे न बघता तोंड उघडलं.

ज्या गालात मिसरी धरायच्या, तिथेच चुना लागल्यासारखा पांढरा डाग होता. कापसाने पुसला, गेला नाही.

*

तुकडा काढून तपासायला जळगावला न्यायचं ठरलं, तर आबा आडवे आले. आबा म्हणजे अक्कांचे थोरले दीर. घरात त्यांचा शब्द शेवटचा. "तुकडा काढला की पसरतं. सुई लावायची नाही."

"तुकडा काढल्याने पसरत नाही आबा. तुकडा काढला नाही तर कळत नाही, आणि तोवर ते पसरतं."

"तू कालची पोर."

माझं डोकं फिरलं होतं. मंदाताईंनी हात दाबला म्हणून गप्प बसले. अक्का पदराआडून सगळं ऐकत होत्या. दीरासमोर त्यांनी तोवर आयुष्यात एक शब्द उच्चारलेला नव्हता, त्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या पिशवी घेऊन एसटी स्टँडवर माझ्याआधी हजर होत्या.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मंदाताई माझ्याशी फक्त लसीकरणाबद्दल बोलल्या.

कॅन्सर अजून झालेला नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी डागाचा भाग काढून टाकला. मिसरी कायमची बंद, आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं.

*

पुढची तपासणी शाळेच्या ओट्यावर ठेवली होती. बायका बसल्या होत्या, पुढे कोणी येईना. पहिलंच नाव अक्कांच्या जावेचं, आबांच्या बायकोचं. आबा शेजारीच खुर्चीवर, ओठाखाली तंबाखूचा बार. जाऊबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. "माले काय व्हयनं? मी नही उघाडस."

मी समजावून सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात अक्का उठल्या. ओट्याच्या मधोमध आल्या. डोक्यावरचा, तोंडावरचा पदर खांद्यावर टाकला आणि आबांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"देखा," त्या म्हणाल्या. "बठ्ठा देखा."

आणि तोंड उघडलं. गालातली टाक्यांची खूण सगळ्यांना दिसली.

आबा उठले. नळापाशी जाऊन त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि येऊन बायकांच्या रांगेत शेवटी बसले.