दाजींची जीप कुठं थांबली

नव्वदीच्या दशकात जामखेड तालुक्यात माझ्या हातून एकही माणूस रस्त्यात मेला नाही. मी नगरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि निधनवार्ता हा माझा खास प्रांत. कुणी विहिरीत पडलेला असो, कुणाला बैलानं भोसकलेलं असो, कुणाला भावाशी भांडताना छातीत कळ आलेली असो. मी त्या सगळ्यांना दोन ओळींत घरी आणून अंथरुणावर सन्मानानं निजवायचो. ‘राहत्या घरी अल्पशा आजाराने निधन झाले. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते.’ ज्याला पाहून गल्लीतली कुत्री वाट बदलत, तोही माझ्याकडे मनमिळाऊच. एक निवृत्त गुरुजी तर मला चौकात गाठून आपली वार्ता आगाऊ लिहून मागत. लिहून दिली की वाचत आणि म्हणत, “शिस्तप्रिय राहिलं की हो.”

अशा थाटात मी दाजींची वार्ता लिहिली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पाटबंधारे खात्यात तलावावर चौकीदार होते. दिवाळीआधी एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं, म्हणून जीप करून आक्का आणि शेजारचे दोघं-तिघं त्यांना नगरला न्यायला निघाले. मी त्या दिवशी गावात नव्हतो. संध्याकाळी आलो तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या. आक्का म्हणाली, “अर्ध्या वाटंतनं मागं फिरलो. घरी आले, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आन गेले.” मी रडलो, डोळे पुसले आणि लिहिलं : राहत्या घरी.

तीन-चार महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. दाजींच्या जागी त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला घेता येईल, पण मृत्यूचा दाखला जोडून अर्ज महिनाअखेर नगरच्या कार्यालयात पोचला पाहिजे. नाही पोचला तर यादीतलं पुढचं नाव. भाची बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि घरात मिळवतं असं दुसरं कुणी नाही. हातात अकरा दिवस होते. मी म्हणालो, “दाखला? आत्ता आणतो.” टाचणीनं कात्रण खिशाला टोचलं आणि ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेवकानं नोंदवही उघडली. दाजी त्यात नव्हते. कुणी नोंद केलीच नव्हती. मी कात्रण पुढं केलं.

“हे कुनी लिव्हलं?”

“मीच.”

“छान हाय. पन जीप शाळेपुढनं गेली तवा मी पारावर हुतो. मानूस बसलेला असतो आन ठेवलेला असतो, एवढं कळतंय मला. तुमचे दाजी माझ्या हद्दीत मेलेच न्हाईत.”

“मग कुठं मेले?”

“ते जीपला इचारा. चालत्या गाडीत मयत झाली तर गाडी पयल्यांदा जिथं थांबली, तिथल्या पंचायतीत नोंद. कायदा हाय.”

मी लूनाला किक मारली आणि थेट जीपवाल्याकडे गेलो. तो गाडीखाली झोपून काहीतरी ठोकत होता. तिथूनच म्हणाला, “गाडी कुटंच थांबली न्हाई.” मी विचारलं, “नगरच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत आलात आणि कुठंच थांबला नाहीत?” तो म्हणाला, “न्हाई.” आणि मग इतक्या जोरात ठोकू लागला, की पुढचं काही ऐकू येऊ नये.

आता आमच्या भागाची एक गंमत. जामखेडहून आपल्याच जिल्ह्याच्या गावाला, नगरला जायचं तर मधे बीड जिल्हा ओलांडावा लागतो. म्हणजे दाजी कुठल्या गावचे मयत हा प्रश्न नव्हताच, आधी ते कुठल्या जिल्ह्याचे हे ठरायचं होतं.

दोन दिवस मी त्या रस्त्यावर लूना घेऊन हिंडलो. उन्हाला धार आली होती. दर हॉटेलाशी उतरायचो, चहा घ्यायचो आणि विचारायचो, “दिवाळीआधी एक जीप थांबली होती का? आत एक माणूस निजलेला?”

“पावनं, हितं समदेच निजलेले येत्यात. नगरला कोर्टात जानारे तर लईच.”

एका ग्रामसेवकानं मला दारातच अडवलं. “आमच्या हद्दीत काय बी थांबलं न्हाई,” तो म्हणाला, आणि मी अजून काही विचारलंही नव्हतं. दुसऱ्यानं ऐकून घेतलं, पाणी दिलं, नि वर सल्ला दिला, “पुढच्या गावात बघा, तिथं लई मरत्यात.” नऊ दिवस, मग आठ. रात्री पाठ टेकली की डोळ्यांसमोर मैलाचे दगड. सतराव्या चहानंतर पोटात आग पेटली आणि मी आक्काच्या घरी येऊन ओट्यावर धपकन बसलो.

आक्का शेंगा फोडत होती. बघितलं न बघितल्यासारखं करून म्हणाली, “मिळाले का तुझे दाजी?”

“थट्टा करू नकोस.”

“मी करू नको? चांगला आवाज काढून गावभर हिंडतोस, मेलेल्या मानसाचा पत्ता इचारत.” मग तिनं सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बीडच्या हद्दीत, चढ संपला की लिंबाखाली हॉटेल हाय. तिथं थांबवली मी. मानूस हाकेला ओ देईना म्हनून.”

“मग दोन दिवस मला उन्हात का फिरवलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू लिव्हलं असतंस. आतीनं हातातल्या शेंगा टाकून सांगितलं हुतं, नगरला नेऊ नगा, वाटंत काय झालं तर? मी ऐकलं न्हाई. मी नेलं.” तिच्या सासूला ती आती म्हणायची, आमच्याकडे ती रीत. “जीपमधी समद्यांना शपथ घातली. घरी आल्यावर त्यांना आतीच्या मांडीवर निजवलं आन म्हनलं, आत्ता गेले. म्हातारीला वाटावं, लेक माझ्यापाशी गेला. आता दाखल्यावर दुसऱ्या गावाचं नाव आलं, की तिला कळंल.”

एका पारड्यात भाची होती आणि दुसऱ्यात म्हातारी. दुसऱ्या दिवशी मी लूना पुन्हा त्या चढाकडे वळवली.

लिंबाखालच्या हॉटेलवाल्याला सगळं आठवत होतं. त्या गावचा ग्रामसेवकही भला निघाला. नोंद करतो म्हणाला. तालुक्याची उशिराची परवानगी आणि आक्काचं प्रतिज्ञापत्र मी आणायचं. “पन एक मानूस दोन गावांत मरायला नको,” तो म्हणाला. “तुमच्या पंचायतीचं पत्र आना, की तिथं मयत झाली न्हाई.” आमचा ग्रामसेवक त्या पत्रासाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब मागत होता. वडीलधारं माणूस घरात एकच उरलं होतं.

चार दिवस उरले असताना आमचा ग्रामसेवक पायताण काढून आक्काच्या घरात येऊन बसला. मांडीवर कागद, हातात पेन. म्हातारी भिंतीला टेकलेली. आक्का चुलीपाशी, पाठ करून. भाची दारात, ओढणीचं टोक पिळत. मी उभा, मला बसायला सांगितलं तरी बसवेना.

“आजी,” ग्रामसेवक म्हणाला, “तुमचा ल्योक कुटं वारला?”

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आक्काच्या पाठीकडे.

“तिला इचार.”

“जबाब तुमचा लागतोय, आजी.”

“मग लिव्ह. गाडीत वारला, बायकुपाशी.”

चुलीवर भाकरी करपायला लागली, तरी आक्का हलली नाही. पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं, “आती, तुमाला कुनी सांगितलं?”

“मला कुनी सांगायला पायजे व्हय? म्हातारी हाय, येडी न्हाई. जीपतनं उतरवला तवाच मी पाय बगितले. आटरा मानसं पोचवली ह्या हातांनी.” मग जरा रागानं, “तू सांगशील म्हनून थांबले मी. चार म्हैने थांबले. भाकर उलट आदी.”

आक्कानं भाकरी उलटली. ती एका बाजूनं काळी झाली होती. म्हातारीनं तीच मागून घेतली आणि ग्रामसेवकाला चांगली वाढायला लावली. अंगठा उठवताना तिनं मला हाक मारली, “पावनं, पेपरात लई ग्वाड लिव्हलं हुतं तुमी. मनमिळाऊ!” आणि दात नसलेल्या तोंडानं इतकी हसली, की मला मान खाली घालावी लागली.

अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी पोचला आणि पुढं भाचीला ती जागा मिळाली, हे आत्ताच सांगून टाकतो. वाचकाचा जीव तरी टांगणीला नको. माझा मात्र नोंदीच्या दुपारी होताच. लिंबापलीकडच्या त्या ग्रामपंचायतीत मी आणि आक्का बसलो होतो. परतीची एस. टी. साडेचारला, त्यानंतर उद्या सकाळी. चार वाजून वीस मिनिटं झालेली. ग्रामसेवक सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहीत होता. मी तीनदा घड्याळ पाहिलं, दोनदा खोकलो, एकदा उभा राहिलो.

दाखला झाला, शिक्का बसला. मी हात पुढं केला, पण आक्कानं वही आपल्याकडे ओढली. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून दाजींचं नाव वाचलं आणि मग बोट वरच्या ओळीवर नेलं.

“ह्या कोन?”

“बाई, ते वाचायचं नसतंय,” ग्रामसेवक म्हणाला. पण तिचं बोट हलेना, तसा तो म्हणाला, “आमच्या वस्तीवरची म्हातारी. परवाच गेली. लई बोलायची. बांधावर उभी ऱ्हायली की निम्म्या शिवाराला ऐकू जायचं.”

बाहेर एस. टी.चा हॉर्न वाजला. “आक्का!” मी ओरडलो.

“बरं झालं, शेजार बोलका मिळाला,” आक्का म्हणाली. “ह्यास्नी गप मानूस सोसायचं न्हाई.” आणि मग अगदी निवांत, जणू सोयरीक जुळवायला आल्यासारखं, तिनं ग्रामसेवकाला विचारलं, “घरी कोन कोन हाय त्येंच्या?”

एस. टी. आमच्या देखत चढ उतरून गेली.