दर्यावाली भागी

साखरशेतच्या भागीची पहिली मुलगी भादव्यात गेली. नाव ठेवायचंही राहून गेलं. पोर गेली तरी दूध थांबेना. नाचणीच्या बांधावर बसून भागी ते मातीत पिळून टाकी.

त्याच सुमारास जव्हारात, दरबारातल्या एका अंमलदारांच्या घरी मुलगी जन्मली. आई अंथरुणाला खिळलेली, अंगावर दूध नाही. कुणीतरी भागीचं नाव सुचवलं. तिचा नवरा जैतू तिला घेऊन गेला, परसदारी सोडलं आणि मागं फिरला. पोर भुकेनं किंचाळत होती. भागीनं जवळ घेताच गप्प होऊन ओढायला लागली. भागीच मग भिंतीकडे तोंड करून रडली.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी बाईसाहेबांना दर्याची हवा सांगितली. बैलगाड्यांतून बिऱ्हाड घाट उतरून चिंचणीला आलं. सुरूच्या बनात बंगला, आणि पुढं नुसतं पाणी. भागीनं आजवर नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. ती किती तरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाईसाहेब, एवढं पाणी साचलंय, नि यात भात कुणीच लावत नाय?"

कित्येक महिन्यांनी बाईसाहेब हसल्या.

बंगल्याशेजारी हौशी नावाची मांगेला कोळीण बांबूवर बोंबील वाळत घाली. भागी सुलूला, म्हणजे त्या मुलीला, कडेवर घेऊन तिच्याकडे जाऊ लागली. ओहोटी कधी लागते, शिंपले कुठं शोधायचे, हे तिला हौशीनं शिकवलं. सुलू ओल्या वाळूत रांगायला शिकली. लाट आली की खिदळे, लाट गेली की ओठ काढी. होळीला मांगेलणींनी फेर धरला तेव्हा हौशीनं भागीलाही ओढून आत घेतलं. भागीनं आपलं डोंगरातलं गाणं म्हटलं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण पाय जुळले.

पावसाळ्याआधी सुलू मऊ भात खायला लागली. अंमलदारांना बडोद्याकडे नोकरी मिळाली होती. बाईसाहेबांनी भागीला नवं लुगडं दिलं आणि म्हणाल्या, "ती झोपलीय तोवर नीघ, भागी. उठली तर तुला सोडायची नाही."

पुढं भागीला दोन मुलगे झाले, फागू आणि बुध्या. संसार चालला. पण दिवस कलला की ती माळाच्या पश्चिम कडेला जाऊन बसे. "खारा वास येतोय," असं म्हणे. जैतू वास घेऊन बघे. त्याला कुठलाच यायचा नाही. गावात ती दर्याच्या गोष्टी इतक्या सांगे, की बायका तिला 'दर्यावाली'च म्हणू लागल्या. सुलूचं नाव मात्र तिनं कुणापाशी काढलं नाही.

मुलगे मोठे झाल्यावर एका चैत्रात ती आणि जैतू घाटाखालच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गेले. दर्शन झालं आणि भागी म्हणाली, "चिंचणीला जाऊन येऊ." गावची मंडळी माघारी फिरली, हे दोघं पुढं चालत गेले.

बंगल्याला कुलूप होतं. हौशी मात्र होती, केस पिकलेली. तिनं भागीला लगेच ओळखलं.

"ती पोर गो, एकदा आली होती आई-बापाबरोबर. चालायला लागलेली. माझ्या दारात उभी राहून आत डोकावत होती. 'भागी? भागी?' म्हणे."

"मग?"

"मग काय, दोन-तीन दिवस शोधलंन. मग विसरली. पोरंच ती."

भागी वाळूत खाली बसली. जैतूही शेजारी बसला. त्यानं दर्या आज पहिल्यांदाच पाहिला होता, पण त्याचं लक्ष बायकोकडे होतं.

"मला कधी बोलली नायस," तो म्हणाला.

"काय बोलू? आपली मातीत गेली, नि मी दुसऱ्याच्या पोरीला जीव लावला. तुला राग आला असता."

जैतू वाळू उकरत म्हणाला, "त्या दिवशी तुला परसदारी सोडलं ना, तेव्हा मी कुंपणाबाहेर थांबलो होतो. पोर रडायची थांबली, तेव्हाच निघालो. मला बरं वाटलं होतं, भागी."

त्या रात्री हौशीनं त्यांना ठेवून घेतलं. ताज्या मासळीचे काटे काढताना जैतूची त्रेधा उडाली, आणि दोघी बायका पोट धरून हसल्या.

पुढच्या चैत्रात जत्रेला निघताना जैतूनंच विचारलं, "चिंचणीला जायचं ना?"

गेले दोघं. त्यानंतरही वर्षानुवर्षं जात राहिले. सुलूचं काही कळलं नाही. भागी बंगल्याच्या फाटकाशी जरा थांबे, कुलूप बघे, आणि मग हौशीच्या अंगणाकडे वळे.