वनाभाऊंचा बिनतारी माईक

पांझरेकाठच्या त्या गावात वनाभाऊ दिसायच्या आधी ऐकू येत. लग्न असो की सप्ताह, कडुनिंबाला भोंगे बांधून झाले की त्यांचं "हॅलो, हॅलो" सुरू, आणि ते ऐकून गोठ्यातल्या म्हशीसुद्धा माना वर करायच्या. माणूस कष्टाळू, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हट्टी! एकदा धरलं की धरलं.

आता गिरधरचंच बघा. दोघांनी मिळून पहिला भोंगा आणला, मिळून गावोगाव वाहिला. पुढे पाटीवर कुणाचं नाव पहिलं लिहायचं यावरून जुंपली, आणि पाटी लागायच्या आधीच भागीदारी मोडली. 'वना साऊंड' आणि 'गिरधर साऊंड', दोन दुकानं, तीही समोरासमोर! बोलणं बंद. दोघांच्या बायका नदीवर धुणं धुताना पोटभर गप्पा मारायच्या, आणि हे दोन बापे एकमेकांना पाहून भिंतीकडे तोंड फिरवायचे. घ्या!

चौऱ्याण्णव साली वनाभाऊंच्या एकुलत्या एक लेकीचं, कोकिळाचं, लग्न ठरलं. आधीची एक सोयरीक साखरपुड्यापर्यंत येऊन मोडली होती, त्यामुळे या वेळी आईबाप जीव मुठीत धरून होते. स्थळ शिरपूरकडचं, चांगलं. फक्त नवऱ्या मुलाची आजी मंजुळाबाई भारी कडक. मुहूर्त, शकुन, मानपान, तिला सगळं जिथल्या तिथे लागायचं आणि तिच्यापुढे घरात कुणाचं चालायचं नाही.

लेकीच्या लग्नात काहीतरी नवीन हवं म्हणून वनाभाऊ धुळ्याला जाऊन बिनतारी माईक घेऊन आले. ना वायर, ना दांडा. इवलीशी डबी गुरुजींच्या उपरण्याला अडकवायची, ती हवेतून आवाज फेकणार, मशीनजवळचा रिसिव्हर तो झेलणार आणि भोंग्यातून बाहेर सोडणार. झालं! वनाभाऊ ती डबी खिशाला लावून गल्लीभर मिरवू लागले. पारावरून "हॅलो", ओट्यावरून "हॅलो". एकदा तर बंद करायची विसरले आणि न्हाणीतलं त्यांचं भजन सगळ्या गल्लीने ऐकलं.

भागाबाई, त्यांची बायको, शहाणी होती. "आयकतस का," ती म्हणाली, "त्याच दिनले मांगली गल्लीमा अभिमन तात्यानी पुतनीनं लगीन शे. भोंगा गिरधरभाऊना शे. त्यासले एकदाव इचारी तरी ल्या, दोन्ही भोंगासनी गल्लत व्हवाले नको."

"मी जाऊ त्याना दारमा? मरी गऊ तरी नही!"

आता खानदेशात लग्नाचा खरा क्षण म्हणजे टाळी. गुरुजी अखेरचं "सावधान" म्हणतात, अंतरपाट खाली येतो, मांडव टाळ्या वाजवतो, अक्षता पडतात, बँड सुटतो. टाळी लागली की लग्न लागलं.

लग्नाच्या दुपारी मांडव गच्च भरला होता. अंतरपाटाच्या अलीकडे कोकिळा, पलीकडे नवरदेव. गुरुजींनी दुसरं मंगलाष्टक नुकतंच उचललं, तोच भोंग्यातला त्यांचा आवाज बारीक होऊ लागला. खरखर झाली. आणि मग एकदम खणखणीत, भलत्याच माणसाचा आवाज आला, "शुभ मंगल सावधान!" पाठोपाठ धडाधड टाळ्या.

मांडवाला काय कळणार? मागच्यांना गुरुजी दिसतच नव्हते, त्यांचा सगळा भरवसा भोंग्यावर. भोंग्यातून टाळी आली म्हणून त्यांनीही वाजवली. अक्षता उडाल्या. बँडवाले तर टपलेलेच होते. गुरुजी अंतरपाट गच्च धरून ओरडताहेत, "अरे थांबा! माझं व्हायचंय अजून!" पण त्यांचं ऐकतो कोण? भोंगा तर पुढे निघून गेला होता. "अभिमन तात्यांकडून जावईबापूंना टोपी-उपरणं..."

वनाभाऊंनी धावत जाऊन मशीन बंद केलं. एका क्षणात सगळं ध्यानात आलं. गिरधरनेही त्याच दुकानातून, त्याच नंबरचा, म्हणजे त्याच लहरींवर चालणारा माईक आणला होता. हवा काही कुणाच्या बापाची नाही. एकाच नंबरावर दोघे बोलायला लागले तर ज्याचा जोर जास्त, रिसिव्हर त्याचा. आणि वनाभाऊंच्या डबीतला सेल गल्लीभर हॅलो-हॅलो करून केव्हाच थकला होता.

बँड थांबला आणि कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचा बाप रुपचंद लालबुंद होऊन उभा राहिला. "दुसरासनी टाळीवर आमना पोऱ्यानं लगीन? अपशकुन शे हाऊ! चला रे!" वऱ्हाडातली चार माणसं उठलीसुद्धा. अंतरपाटाआड कोकिळा वरमाला धरून तशीच उभी होती. वनाभाऊंना ती मोडलेली सोयरीक आठवली.

मंजुळाबाई मात्र खुर्चीतून हलली नाही. "बस खाले, रुपचंद," तिने लेकाला दटावलं. "अंतरपाट पडना का?"

"नाही आजी, मी सोडलाच नाही," गुरुजी म्हणाले.

"मंग लगीन लागनं नही. मुहूर्त शे ना आजून? पहिलापासून म्हना. पन भोंगावर चुकनं, ते भोंगावरच सुधारा. बठ्ठासले आयकू येवाले पाह्यजे, नही ते आम्ही निंघनूत."

भोंग्यावर म्हणायचं तर हवा मोकळी हवी, आणि हवा गिरधरच्या ताब्यात. वनाभाऊंनी कुणाकडे पाहिलं नाही. अनवाणी, फेटा सावरत, ते मागच्या गल्लीकडे धावले. जिथे मेलो तरी जाणार नाही म्हणाले होते, तिथेच.

गिरधर मशीनपाशीच होता. वनाभाऊ धापा टाकत समोर उभे राहिले. गिरधरने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कोकिळानी टाळी?" त्याने विचारलं. आपल्या माईकचा आवाज वनाभाऊंच्या भोंग्यातून आलेला त्यानेही ऐकला होता.

वनाभाऊंनी नुसती मान हलवली. गिरधरने आहेर पुकारणाऱ्याला गप्प केलं, त्याच्या खिशाची डबी ओढून काढली, उघडली, आतला ताजा सेल वनाभाऊंच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "जाय, पळ! पोर उभी शे."

नव्या सेलवर गुरुजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. मांडवात कुणी खोकायलासुद्धा तयार नव्हतं. वनाभाऊ रिसिव्हरवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. आणि आला, त्यांच्याच गुरुजींचा आवाज आला, "सावधान!" अंतरपाट खाली आला. मांडव कडाडला. तोच मागच्या गल्लीतूनही टाळ्यांचा गजर उठला. गिरधरने रिसिव्हर मुद्दाम चालू ठेवला होता, कोकिळाची टाळी त्याच्याही भोंग्यातून वाजली होती.

मंजुळाबाईने मूठभर अक्षता उधळल्या. "दोन गल्ल्यासनी टाळी वाजाडी," ती पहिल्यांदाच हसली, "आते हाई लगीन जलमभर हालाव नही."

हुश्श! वनाभाऊ मशीनच्या खोक्यावर मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. भागाबाईने पदर पुढे केला, आणि "सांगं व्हतं ना" एवढंच म्हणाली. तेवढं तर ती म्हणणारच.

मग वनाभाऊंनी गुरुजींच्या उपरण्याची डबी काढून तोंडाशी धरली. "गिरधर... गिरधरभाऊ. जेवाले ये. तुनाशिवाय पंगत बसाव नही." दोन्ही गल्ल्यांतल्या भोंग्यांतून सगळ्या गावाने ते ऐकलं. वनाभाऊ उत्तराची वाट पाहत राहिले. भोंगा गप्प. त्यांचं तोंड उतरलं.

आणि मांडवाच्या दारातून गिरधरच आत आला. "उत्तर कशावरथून देऊ? सेल तुनाकडे शे. दे इकडे, आहेर आजून बाकी शेत."

सगळा मांडव हसला. वनाभाऊंनी त्याला हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. वरण-बट्टी पानात पडली. गिरधर म्हणाला, "उद्या धुयाले जाऊ, एक माईक बदली दुसरा नंबरना आनू. तवलोंग बारी लावू, पाटना पानीगत. एकनं चालू ऱ्हायनं का दुसराने थांबानं."

"बराबर," वनाभाऊ म्हणाले.

"पन पहिली बारी कोनी?" गिरधरने विचारलं, आणि तोंडाजवळ नेलेला घास तसाच हातात राहिला. दोघांनाही ती जुनी पाटी आठवली.

समोरून कोकिळा नवऱ्याबरोबर पाया पडायला येत होती. वनाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग बट्टीवर तूप ओतलं, गिरधरच्या बट्टीवर आधी, आणि म्हणाले, "तुनी."