लुगडं हवं, आई नको

कॉलेजच्या मॅडमनी पर्समधून सेंटची बाटली काढली आणि माझ्या आईच्या अंगावर फवारली. आधी खांद्यावर, मग पाठीवर. हसत हसत.

"मावशी, राग मानू नका हं. एसी हॉल आहे, वास फिरतो."

आईही हसली. काय करणार?

त्या दिवशी आई मासळी विकायला बसलीच नव्हती. सकाळी डोक्यावरून न्हाली होती. कॉलेजचा ट्रॅडिशनल डे. आमच्या ग्रुपचा कोळी डान्स. लुगडं नेसता कुणालाच येईना, म्हणून मॅडमनीच तिला करावे गावातून बोलावलं होतं. ग्रीन रूममध्ये गुडघ्यांवर बसून तिनं सगळ्या पोरींना लुगडी नेसवली. भाड्याची, निसरडी. पुढे नाचणाऱ्या मुलीला मात्र स्वतःचं लग्नातलं दिलं.

"आंटी, सो क्यूट!" ती म्हणाली. सेल्फी काढला. आईला बाजूला व्हायला सांगून.

मग आई हॉलकडे निघाली. मला नाचताना बघायचं होतं तिला. तेव्हा ती बाटली निघाली. आणि फवारून झाल्यावरही मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आतच बसा ना. पुढे पाहुणे आहेत."

आई स्टुलावर बसली.

कॉलेजात कुणी विचारलं तर मी शेजारच्या टॉवरवाल्या सीवूड्सला राहते म्हणायची. करावे कधीच नाही. घरी 'हाय', बाहेर 'आहे'. कुणी मारून शिकवलं नव्हतं. लोक हसतात, आपण बदलतो. मग एक दिवस आपण कोण, ते आपल्यालाच सांगता येत नाही.

बाबा प्रकल्पग्रस्तांच्या मोर्च्यांत जायचे. त्यांच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. शहरासाठी जमीन गेली, खाडी बुजली, सगळं पाठ. पण पत्रकातल्या अपमानाला आईचा चेहरा नव्हता.

बाहेर माइकवर आवाज आला, "आता बघूया, या मातीतल्या मूळ लोकांचं नृत्य!"

टाळ्या.

"जाव दे गो बाय," आई म्हणाली. "मना हितनं गानं आयकाला येल. तू नाच जा."

मी त्या मुलीसमोर उभी राहिले. "लुगडं सोड. माज्या आयशीचं हाय."

"आर यू मॅड? आत्ता?"

"आत्ताच."

मॅडम ओरडल्या, "तमाशा करू नकोस. इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"ठेवा तुमच्याकडंच."

मुलीनं पडद्यामागं जाऊन लुगडं सोडलं. माझ्या अंगावर फेकलं.

नाच माझ्याशिवाय झाला. रिक्षात आई मांडीवर लुगड्याची घडी घालत राहिली. गाव आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तुजा नाच बघाचा व्हता मना."

तिला भांडण नको होतं. स्वतःची पोर बघायची होती.

आता कॉलेजात मी न विचारता करावे सांगते. यंदा पुन्हा मॅडमचा निरोप आलाय, नव्या मुलींना लुगडं नेसवायला आईला पाठव, गावातली खरी लुगडीही आण. मी कळवलंय. आई पहिल्या रांगेत बसेल. बाजारातून उठून येईल आणि तशीच बसेल. जमत नसेल तर आमच्या गावातलं एकही लुगडं तुमच्या स्टेजवर चढणार नाही.

घराघरांत सांगून आलेय.