टोकरखाड्यातलं काश्मीर

मुलांनो, जगातली कोणतीही वस्तू आपल्याला न विचारता बिघडते, हा आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या भावोजींना स्वतःचा अपमान वाटतो. तुम्ही त्यांना ओळखता. मागच्या खेपेला "चाक जरा कुरकुरतंय" म्हणून तुमची नवी सूटकेस ज्यांनी उघडली आणि कायमची लंगडी केली, तेच हे. मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रं सांभाळली. निवृत्त झाल्यावर यंत्रं उरली नाहीत, तेव्हा ते आमच्याकडे वळले. सोसायटीच्या पंपाने त्यांच्या हातचे इतके उपचार सोसलेत की त्यांची चाहूल लागताच तो भीतीने सुरू होतो. कोणी आजारी पडलं की विचारपूस नाही, थेट प्रश्न: "शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं होतं?"

मग त्यांच्या बायकोचे, वहिनींचे, डोळे बिघडले. वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता; स्वयंपाक, शिवण, वाचन, सगळा संसार डाव्यावर चालला होता. वापीचे डॉक्टर म्हणाले, "केशरावर अभ्यास चालू आहेत, काहींना थोडा उपयोग होतो असं दिसतंय. घ्यायचं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली तर त्याच दिवशी या." वहिनींनी मला हे शब्दन् शब्द सांगितलं. भावोजींच्या डोक्यात त्यातलं केशर तेवढं राहिलं.

बाजारातल्या केशरावर त्यांचा विश्वास नव्हता. "भेसळ! घरीच पिकवतो." सिल्वासाच्या उकाड्यात, आमच्या टोकरखाड्यात केशर! वहिनींची शिवणाची खोली रिकामी झाली, मशीन बाल्कनीत गेलं. खिडक्यांना थर्माकोल, भिंतीला एसी, मांडणीवर काश्मीरहून मागवलेले कंद. एसी बसवायला आलेला धुळ्याचा मेकॅनिक बाहेरच्या खोलीत घाम पुसत बसलेल्या वहिनींकडे बघून म्हणाला, "काका, कांदासले एसी आन काकूले पंखा? असं कुठे व्हस का?"

"कांदे नाहीत, कंद आहेत," भावोजी कडाडले.

वहिनी हसून सांगायच्या, "माझ्या डोळ्यांसाठी चाललंय म्हणे सगळं. मला आत जायची मात्र बंदी. माझ्या श्वासाने दमटपणा वाढतो!"

दिवाळीच्या सुमारास कळ्या धरल्या. मी तेव्हा नाशिकला होते. पुढचं वहिनींनी नंतर सांगितलं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, दाराची चौकट वाकडी दिसतेय. आज वापीला जाऊ या."

या माणसाने काय करावं? गवंड्याचा ओळंबा आणला. स्टुलावर चढून चौकटीला लावला, एक डोळा मिटून बघितलं आणि निकाल दिला, "सुताचाही फरक नाही. चौकट सरळ आहे."

"चौकट नाही हो, मला दिसतंय ते..."

"अगं, कळ्या आता उमलायच्या बेतात आहेत. फुलं काढून झाली की जाऊ."

त्या घरात शेवटचा शब्द नेहमी मोजमापाचा असायचा.

आठवडाभराने मी परतले त्याच दिवशी पहिलं फूल उमललं. भावोजी ते स्टीलच्या ताटलीत घेऊन आले, लग्नात अक्षता आणाव्यात तसे. मलाही हाक मारली. जांभळ्या पाकळ्या आणि मध्ये लालभडक तीन काड्या. खरंच, सुंदर होतं हो.

"बघ," ते म्हणाले. "आपलं केशर."

वहिनींनी ताटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मान तिरकी केली. "जांभळं आहे. कडा दिसतायत पाकळ्यांच्या." मग हळूच विचारलं, "आणि केशर कुठे असतं?"

"मध्ये! अगदी मध्ये!"

"मग ते मला दिसायचं नाही. मधलं काहीच दिसत नाही आता."

मी त्यांना तसंच गाडीत घातलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण म्हणाले, "चौकट वाकडी दिसली त्या दिवशी आला असतात, तर बरीच नजर वाचली असती. आता आहे तेवढी टिकली तरी पुष्कळ." मला भावोजींचा फार राग आला होता. सगळा राग अजून गेलेला नाही. प्रेमाने केलं म्हणून केलेलं भरून येत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून तर लिहिते आहे.

खोलीतला एसी बंद आहे. कंद कुणाला देऊन टाकले, मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर दोघं बसलेली असतात. समोरचं माणूस वहिनींना दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. म्हणून भावोजी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढतात.

"इथून दिसतो का?"

"जरा मागे सरका. अजून. हां... आता कान दिसला."

आणि ते तसेच, कान जागचा हलू नये म्हणून श्वासही जपून घेत, बसून राहतात.