अकरा मिनिटांचा चित्रपट आणि अकरा शाली

जानेवारीतला दुसरा रविवार, बोईसरचा एक हॉल, एका चित्रपटाचं प्रवेशशुल्क पाचशे रुपये. हजर होतो मी, बायको, नववीतली मुलगी आणि तिची नवापूरची मैत्रीण. निमित्त होतं मुलांसाठीच्या स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव. चित्रपट सात होते आणि मंचावर खुर्च्या अकरा, यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं.

मुलीचा चित्रपट शेवटचा, अकरा मिनिटांचा. ओहोटीला वाळू घट्ट असते तेवढ्या वेळात नवापूरच्या किनाऱ्यावर एक मुलगी सायकल शिकते, एवढीच गोष्ट. सायकल चालवणारी ती मैत्रीण. दिवाळीची सुट्टी दोघींनी त्यात घालवली होती आणि घराबाहेरच्या कुणी तो अजून पाहिला नव्हता.

दहाला दीपप्रज्वलन. मग अकरा जणांना शाल, श्रीफळ, गुच्छ. शाल घेतलेला प्रत्येक जण बोलला आणि प्रत्येकाने आजची पिढी मोबाइलने बिघडल्याचं सांगितलं. सातही चित्रपट मोबाइलवर काढलेले होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण पहिला चित्रपट साडेबाराला सुरू झाला तेव्हा अकराही खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडळी मागे जेवायला बसली होती.

दोनला हॉलचा माणूस आत आला. "आता आवरा. साखरपुडा हाय, पोरगीवाले आले बी."

ढेकर देत आयोजक माझ्याकडे आले. "साहेब, वेळेअभावी तुमचा राहिला. आपण ग्रुपवर लिंक टाकू."

"वेळ कुणी खाल्ला?" मी विचारलं.

"साहेब, मान्यवरांचा सत्कार टाळता येतो का?"

"मग महोत्सव शालींचाच ठेवायचा होता. मुलांना कशाला बोलावलंत?"

ते हसले आणि कुणाला तरी गाडीपर्यंत सोडायला गेले. मुलगी प्रोजेक्टरपाशी पेन ड्राइव्ह मुठीत धरून उभी राहिली. तिची मैत्रीण मात्र तडक दारातल्या पाहुण्यांकडे गेली. तिथे नवरीचा मामा खुर्च्या मोजत होता.

"मामा, आमचा पिक्चर राहिला. लावू द्या ना."

"केवढा हाय?"

"अकरा मिनिटांचा."

"मग लाव की. आमचा भटजी अजून सफाळ्यालाच हाय."

दिवे मालवले. साखरपुड्याची सगळी माणसं, जरीच्या साड्यांतल्या बाया, कडेवरची पोरं, जागा मिळेल तिथे बसली. पडद्यावर मुलगी पहिल्यांदा पडली तशी मागून एक म्हातारी ओरडली, "अगो, खाली नको बघू, म्होरं बघ!" पाणी चाकांना लागलं तेव्हा अर्धा हॉल उभा राहिला. "भरती आली! उचल ती सायकल!" शेवटी ती तोल सावरून सरळ निघाली, तेव्हा शिट्ट्या पडल्या. नवरीने त्या मैत्रिणीला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "गुडघा खरंच फुटला होता का गं?" माझी मुलगी डोळे पुसत हसत होती.

आयोजक परतले तेव्हा भटजी पाट मांडत होता. त्यांच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र होतं. मी ते घेतलं नाही. शुल्काचे पाचशे रुपये आयोजकांकडेच राहिले, बहुधा दोन शालींत गेले. आम्ही चौघं जेवायला थांबलो आणि निघताना मी पाचशे एक रुपयांचं पाकीट नवरीच्या हातात दिलं.